जलप्रदूषण-नियंत्रणातील दिवाणी शास्ती

नदीनाले, जलाशय किंवा विहिरी यांत दूषित पदार्थ सोडणाऱ्या व्यक्तीकडून, कारखान्याकडून अथवा स्थानिक स्वराज्य संस्थेकडून, फौजदारी खटला न चालविता, कायद्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याने वसूल करावयाच्या रकमेस जलप्रदूषणविषयक दिवाणी शास्ती असे म्हणतात. फौजदारी दंड, दिवाणी शास्ती आणि नुकसानभरपाई या तीन संज्ञा व्यवहारात पुष्कळदा एकमेकींऐवजी वापरल्या जातात. परंतु त्यांचे स्वरूप भिन्न आहे. दंड हा न्यायालयाने अपराध सिद्ध झाल्यावर दिलेल्या शिक्षेचा भाग असतो. शास्ती ही नियमभंगाबद्दलची रक्कम असून तिच्यासाठी अपराधी मनोवृत्ती सिद्ध करावी लागत नाही. नुकसानभरपाईचा हेतू शिक्षा हा नसून, बिघडलेले पाणी पूर्ववत करणे व ज्यांचे नुकसान झाले त्यांना ते भरून देणे हा असतो. या तिन्हींतील सीमारेषा कोठे आखावी आणि त्यांपैकी कोणती रक्कम स्थानिक कार्यालयाला आकारता यावी, हा महाराष्ट्रातील जलप्रदूषण-कायद्याच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. प्रदूषण प्रथम पाहणारा अधिकारी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. रक्कम ठरविण्याचा अधिकार मात्र दीर्घकाळ अन्यत्र राहिला.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अमदानीत पाणी दूषित करणे हा सार्वजनिक उपद्रवाचा एक प्रकार मानला जाई. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २७७ अन्वये सार्वजनिक झरा किंवा जलाशय यांतील पाणी बुद्धिपुरस्सर घाण करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५०० रु. पर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या होत्या. या कलमाची मर्यादा लवकरच उघड झाली. कलकत्ता उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये वाहती नदी ‘झरा’ वा ‘जलाशय’ या शब्दांत येत नाही, असा अर्थ लावला. म्हणजे गावच्या तळ्याला जे संरक्षण होते, ते नदीला नव्हते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हाच अपराध कलम २७९ मध्ये आला असून त्यात शिक्षेची मर्यादा वाढविण्यात आली. मूळ शब्दयोजना मात्र तीच राहिली.

नगरपालिकांच्या कायद्यांत गटारे, सांडपाणी व पिण्याच्या पाण्याचे साठे यांविषयी तरतुदी होत्या. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडचा (नंतर मध्य प्रदेशाचा) भाग असल्याने तेथे त्या प्रांताचा १९२२ चा नगरपालिका अधिनियम लागू होता. अशा कायद्यांतील दंड अल्प असत व त्यांची वसुली दंडाधिकाऱ्यामार्फत होई. शिवाय नगरपालिका स्वतःच शहराचे सांडपाणी नदीत सोडत असल्याने, नियम राबविणारा आणि मोडणारा हे एकच, अशी विचित्र स्थिती होती. ती आजही पूर्णपणे गेलेली नाही.

महाराष्ट्राचा कायदा : औद्योगिकीकरणामुळे विशेषतः मुंबई-ठाणे परिसरातील नद्या व खाड्या दूषित होऊ लागल्यावर राज्य विधिमंडळाने महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम, १९६९ संमत केला. त्यान्वये ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले. केंद्रीय कायद्याच्या आधी अशी यंत्रणा उभारणाऱ्या थोड्या राज्यांत महाराष्ट्राची गणना होते. संसदेने जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये केला. पाणी हा राज्यांच्या सूचीतील विषय असल्याने हा कायदा संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली, म्हणजे राज्यांच्या ठरावांच्या आधारे करावा लागला. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा असल्यामुळे तो तत्काळ घेतला नाही. १ जून १९८१ रोजी त्याचा स्वीकार झाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याखाली काम करू लागले. मंडळाचे मुख्यालय मुंबईत असून त्याखाली प्रादेशिक व उपप्रादेशिक कार्यालये आहेत. भंडारा येथील उपप्रादेशिक कार्यालय हे नागपूर प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येते.

१९७४ च्या कायद्याचा गाभा संमतिपत्र हा आहे. सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येक उद्योगाने मंडळाची संमती घ्यावी, तीत घातलेल्या अटी पाळाव्यात व ठरीव मानकांपेक्षा दूषित पाणी बाहेर सोडू नये, अशी योजना आहे. भूपृष्ठावरील अंतर्गत जलप्रवाहात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मानके अशी : जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला ३० मिग्रॅ., रासायनिक ऑक्सिजन मागणी २५० मिग्रॅ., निलंबित घन पदार्थ १०० मिग्रॅ. आणि आम्ल-अल्कता निर्देशांक ५·५ ते ९. काही उद्योगांसाठी याहून वेगळी मानके आहेत.

फौजदारी मार्गाच्या अडचणी : मूळ कायद्यात अंमलबजावणीचा मुख्य मार्ग फौजदारी होता. प्रदूषक पदार्थ सोडण्याबद्दल किमान सहा महिन्यांचा कारावास सांगितला होता. १९८८ च्या दुरुस्तीने ही किमान मर्यादा दीड वर्षावर नेली, कमाल मर्यादा सहा वर्षांचीच राहिली. कागदावर इतकी कठोर असलेली शिक्षा प्रत्यक्षात क्वचितच होई. याचे एक कारण नमुन्याच्या कार्यपद्धतीत सापडते. कलम २१ नुसार अधिकाऱ्याने नमुना घेतेवेळीच तो पृथक्करणासाठी पाठविण्याचा इरादा कारखान्याच्या ताबेदारास नोटिशीने कळवावा, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावेत, ते वेगवेगळ्या पात्रांत भरून मोहोरबंद करावेत व त्यांवर उभयतांनी सह्या कराव्यात, असा दंडक आहे. यांपैकी एखादी पायरी चुकली, तर प्रयोगशाळेचा अहवाल पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही. १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात, पृथक्करण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झाले नाही, या कारणासाठी अहवाल अग्राह्य ठरविला. नदीत सोडलेले पाणी पुढे वाहून गेलेले असते; नमुना दुसऱ्यांदा घेता येत नाही. त्यामुळे एका चुकीने संपूर्ण खटला कोसळतो.

दुसरे कारण शिक्षेच्या प्रमाणाशी निगडित आहे. किरकोळ अटीच्या भंगासाठी आणि नदीतील मासे मरतील इतक्या गंभीर प्रदूषणासाठी एकाच स्वरूपाचा खटला भरावयाचा, तर लहान प्रकरणी तो अतिरेकी वाटतो व मोठ्या प्रकरणी निकालास वर्षानुवर्षे लागतात. दरम्यान सांडपाणी-प्रक्रियेवरील खर्च वाचविणे उद्योगास फायद्याचे ठरते. दिवाणी शास्तीची कल्पना या फायद्यावर घाला घालण्यासाठी पुढे आली. प्रदूषण करण्यापेक्षा ते टाळणे स्वस्त पडावे, हे तिचे अर्थशास्त्रीय सूत्र होय.

परदेशांतील पद्धती : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९६९ सालीच, म्हणजे महाराष्ट्राच्या कायद्याच्या वर्षीच, पोर्टर-कलोन कायदा केला आणि नऊ प्रादेशिक जलमंडळांकडे अंमलबजावणी सोपविली. पुढे या मंडळांना स्वतः सुनावणी घेऊन रक्कम आकारण्याचे अधिकार मिळाले. १९९९ च्या कायद्याने गंभीर भंगासाठी किमान ३,००० डॉलरची शास्ती आकारणे तेथे बंधनकारक झाले. त्यामुळे अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव उरला नाही. अमेरिकेच्या १९७२ च्या संघीय कायद्यात न्यायालयामार्फत दिवाणी शास्तीची तरतूद होती. १९८७ च्या दुरुस्तीने प्रशासनालाही मर्यादित रकमेपर्यंत ती आकारता येऊ लागली. पश्चिम जर्मनीने १९७६ मध्ये सांडपाण्यावरील आकाराचा कायदा केला. त्यात पाण्यातील घातक द्रव्यांच्या मात्रेनुसार रक्कम ठरते. नियम पाळणाऱ्यासही ती, कमी दराने का होईना, भरावी लागते. भारतातील दोन कायदे समकालीन असूनही असा मधला मार्ग त्यांत आला नाही.

पर्यायी साधने : स्थानिक कार्यालयांना रक्कम आकारण्याचा स्पष्ट अधिकार नसल्याने काही आडमार्ग रूढ झाले. १९७७ च्या जल उपकर अधिनियमान्वये उद्योग व स्थानिक संस्था यांच्याकडून पाण्याच्या वापरावर उपकर घेतला जाई व प्रक्रिया-संयंत्र बसविणाऱ्यास त्यात सूट मिळे. उपकराचे दर अल्प असल्याने त्याचा धाक वाटत नसे; वस्तू व सेवा कराच्या आगमनानंतर, १ जुलै २०१७ पासून तो रद्द झाला. कलम ३० अन्वये कारखान्याने करावयाचे काम मंडळाने स्वतः करून घेऊन त्याचा खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतो. परंतु या तरतुदीचा वापर विरळ राहिला. भोपाळ दुर्घटनेनंतरच्या काळात, १९८८ च्या दुरुस्तीने कलम ३३-अ घातले गेले आणि कारखाना बंद करणे, त्याचे पाणी व वीज तोडणे असे निदेश देण्याचा अधिकार मंडळास मिळाला. हा अधिकार अत्यंत परिणामकारक असला, तरी तो कामगारांच्या रोजीवर येतो; म्हणून तो वापरण्यास अधिकारी कचरतात.

या दोन टोकांच्या मध्ये बँक हमीची पद्धत उदयास आली. दोष दुरुस्त करण्यास मुदत देताना मंडळ उद्योगाकडून बँक हमी घेते. मुदतीत सुधारणा न झाल्यास ती जप्त होते. ही जप्ती शिक्षा आहे की भरपाई, असा वाद उपस्थित झाला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०१४ मध्ये ओडिशातील एका प्रकरणात, बँक हमीचे स्वरूप भरपाईचे असल्याने ती मागण्याचा मंडळास अधिकार आहे, असा निर्वाळा दिला.

न्यायालयांचे कार्य : सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातील बिछरी आणि तमिळनाडूतील वेल्लोर येथील प्रकरणांत ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. त्याच वेळी दंड व भरपाई यांतील भेदही जपला गेला. हिमाचल प्रदेशातील बिआस नदीच्या प्रकरणात न्यायालयाने २००० मध्ये असे ठरविले, की ‘प्रदूषण दंड’ ही शिक्षा असल्याने रीतसर खटल्यावाचून ती देता येणार नाही; मात्र इतरांना जरब बसेल अशी भरपाई देवविता येईल. पुढे २००२ मध्ये त्या प्रकरणात १० लाख रु. भरपाई ठरविण्यात आली.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण २०१० च्या अधिनियमान्वये स्थापन झाले. त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यास आहे. पीडितांना साहाय्य, मालमत्तेची भरपाई व पर्यावरणाचे पुनःस्थापन यांसाठी रक्कम देवविण्याचा अधिकार त्यास आहे. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रकरणी जुलै २०१५ मध्ये त्याने स्थानिक संस्था व सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांच्यावर मिळून सु. ९५ कोटी रु. आकारण्याचा आदेश दिला. ८ सप्टेंबर २०२२ रोजी सांडपाणी व घनकचरा यांच्या व्यवस्थापनातील त्रुटींबद्दल महाराष्ट्र शासनास १२,००० कोटी रु. भरण्याचा आदेश झाला. रकमा मोठ्या झाल्या, परंतु त्या आकारणारी संस्था स्थानिक कार्यालयापासून अधिक दूर गेली.

आकारणीचे सूत्र : न्यायाधिकरणाच्या निदेशांवरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये पर्यावरणीय भरपाईचे सूत्र प्रसृत केले. त्यात पाच घटकांचा गुणाकार केला जातो : उद्योगाच्या वर्गाचा प्रदूषण निर्देशांक (लाल वर्गासाठी ८०, नारिंगी ५० व हिरवा ३०), भंगाचे दिवस, रुपयांतील गुणक (१०० ते ५००, सर्वसाधारणपणे २५०), उद्योगाचा आकार (लहान ०·५, मध्यम १, मोठा १·५) आणि स्थानाचा गुणक. हा शेवटचा गुणक लोकसंख्येनुसार वाढतो. दहा लाखांहून कमी वस्तीसाठी तो १ व एक कोटी वा अधिक वस्तीसाठी २ धरतात. भरपाई दिवसास ५,००० रु. हून कमी असू नये, असेही सांगितले आहे. उदा., लहान शहराजवळील लाल वर्गातील मोठ्या कारखान्याने तीस दिवस नियमभंग केल्यास ८० × ३० × २५० × १·५ × १ म्हणजे ९ लाख रु., अर्थात दिवसास ३०,००० रु. भरपाई येते.

या सूत्राची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत. एक, भंगाचे दिवस हे दोष आढळल्यापासून तो दूर झाल्याची खात्री होईपर्यंत मोजावयाचे असतात. म्हणजे क्षेत्र अधिकाऱ्याच्या पहिल्या व दुसऱ्या भेटीच्या तारखांवर रक्कम अवलंबून राहते. भेटीस झालेला उशीर कोणाच्या तरी खात्यावर पडतोच. दुसरे, नदीची अवस्था, तिच्यातील पाण्याची मात्रा किंवा तिच्यावर उपजीविका करणाऱ्यांची संख्या यांना सूत्रात स्थान नाही. विरळ वस्तीतील नदी त्यात स्वस्त ठरते.

वैनगंगा खोऱ्यातील स्थिती : या सर्व प्रश्नांची गुंतागुंत भंडारा जिल्ह्यात स्पष्ट दिसते. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी कन्हान नदीस मिळते आणि कन्हान आंभोरा येथील संगमावर वैनगंगेस मिळते. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण असून त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. धरणात पाणी साठू लागल्यापासून पूर्वी वाहून जाणारी घाण जलाशयात स्थिरावू लागली. भंडारा शहराचा पाणीपुरवठा वैनगंगेवर अवलंबून आहे व मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाची उपजीविका याच पाण्यावर चालते. येथे दूषित करणारे शहर एका जिल्ह्यात, त्याचा उपसर्ग सोसणारी गावे दुसऱ्या जिल्ह्यात आणि शास्ती ठरविणारे प्राधिकरण तिसऱ्याच ठिकाणी, अशी विभागणी झाली आहे. भंडाऱ्याच्या कार्यालयास आपल्या हद्दीतील पाण्याचा नमुना घेता येतो. परंतु त्या पाण्यास कारण झालेले गटार त्याच्या हद्दीत नाही.

अशा ठिकाणी स्थानिक संस्थेवरील शास्तीचा प्रश्न बिकट होतो. न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सांडपाणी-प्रक्रिया केंद्राचे काम वेळेत सुरू न करणाऱ्या संस्थेवर दर केंद्रामागे महिना ५ लाख रु. व ते मुदतीत पूर्ण न करणाऱ्या संस्थेवर महिना १० लाख रु. असे दर ठरवून दिले. ही रक्कम महानगरपालिकेच्या तिजोरीतून, म्हणजे अंतिमतः करदात्यांच्या खिशातून जाते. ज्या रकमेतून केंद्र उभारावयाचे, तीच घटते, असा आक्षेप घेतला जातो. त्यावर उत्तर असे, की शास्ती नसेल तर केंद्राचे काम अंदाजपत्रकात दरवर्षी मागे पडते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली सु. दोन हजार कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला आहे. तो वेळेवर पूर्ण होणे हे कोणत्याही शास्तीपेक्षा भंडारा जिल्ह्यास अधिक हिताचे आहे.

शासकीय उद्योगांचे उत्तरदायित्व हा दुसरा प्रश्न होय. भंडाऱ्याजवळील जवाहरनगर ही १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आयुध निर्माणीची वसाहत आहे. स्फोटक द्रव्यांच्या निर्मितीत नायट्रिक व सल्फ्यूरिक अम्ले वापरावी लागत असल्याने या उद्योगात सांडपाण्याच्या उदासिनीकरणास विशेष महत्त्व असते. अशा कारखान्यात नियमभंग झाल्यास जबाबदार कोण, याचे उत्तर त्याच्या कायदेशीर स्वरूपावर अवलंबून आहे. आयुध निर्माण्या संरक्षण मंत्रालयाच्या खात्याखाली होत्या, तोवर कलम ४८ नुसार खातेप्रमुख दोषी मानला जाई. १ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांचे रूपांतर शासकीय कंपन्यांत झाले व भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली; तेव्हापासून कंपन्यांविषयीचे कलम ४७ लागू पडते. कारखाना तोच, नदी तीच; उत्तरदायित्वाचा धनी मात्र बदलला.

अलीकडील बदल : जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) सुधारणा अधिनियम, २०२४ या कायद्याने प्रदूषक पदार्थ सोडण्यासह अनेक अपराधांचा कारावास काढून त्याऐवजी १०,००० ते १५ लाख रु. पर्यंत शास्ती ठेवली. संमतीवाचून उद्योग उभारण्याबद्दलचा कारावास कायम राहिला. शास्ती ठरविण्यासाठी अधिनिर्णय अधिकारी नेमावयाचा असून तो राज्याच्या सचिवाहून खालच्या दर्जाचा नसावा. त्याच्या निर्णयावर हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्यासाठी १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. शास्ती न भरल्यास मात्र कारावास होऊ शकतो. शासकीय खात्याकडून भंग झाल्यास खातेप्रमुखावर त्याच्या एका महिन्याच्या मूळ वेतनाइतकी शास्ती बसते. हा कायदाही अनुच्छेद २५२ खालील असल्याने तो प्रारंभी हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला. अन्य राज्यांनी तो ठरावाने स्वीकारावयाचा आहे.

४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका प्रकरणात जुन्या वादाचा निर्णय केला. मंडळांना रक्कम आकारण्याचा अधिकार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने कलम ३३-अ खाली मंडळांना भरपाईदाखल निश्चित रक्कम आकारता येईल किंवा बँक हमी घेता येईल, असे ठरविले. मात्र त्यासाठी आधी नियम केले जावेत व सुनावणीची न्याय्य पद्धती असावी, अशी अट घातली. शिक्षा आणि भरपाई यांतील भेद या निर्णयाने कायम राखला.

मूल्यमापन : दिवाणी शास्तीने कारावासाची रिकामी धमकी जाऊन तिच्या जागी निश्चित व लवकर वसूल होणारी रक्कम येते, हा तिचा मोठा गुण होय. तिचे धोकेही तितकेच खरे आहेत. कमाल १५ लाख रु. ही रक्कम लहान रंगकाम-कारखान्यास जड व मोठ्या उद्योगास नगण्य असू शकते. तेव्हा ती प्रदूषणाचा परवाना-शुल्क बनण्याची भीती असते. शास्तीचा निर्णय सचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेल्याने जिल्ह्याच्या कार्यालयाचे काम पुन्हा नमुना घेणे व अहवाल पाठविणे इतकेच उरते. तेथे अधिकारी, वाहने व प्रयोगशाळा अपुऱ्या असतील, तर वरच्या पायरीवरील अधिकार निष्फळ ठरतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वसूल झालेल्या रकमेच्या विनियोगाचा आहे. २०२४ च्या कायद्यानुसार शास्तीची रक्कम पर्यावरण संरक्षण निधीत जमा होते. ज्या नदीमुळे ती वसूल झाली त्या नदीवर ती खर्च झाली आणि ज्यांची जाळी रिकामी आली त्यांच्यापर्यंत तिचा काही अंश पोहोचला, तरच शास्तीस भरपाईचा अर्थ प्राप्त होईल. एरवी ती शासनाच्या उत्पन्नाची आणखी एक बाब ठरेल. आंभोऱ्याच्या संगमाखाली पाणी उपसणाऱ्या गावांच्या दृष्टीने कायद्याचे यश वसुलीच्या आकड्यांत नव्हे, तर मोहोरबंद बाटलीत घेतलेल्या पुढील नमुन्याच्या निष्कर्षात मोजले जाईल.